विश्लेषण : 'कार्टून' आहे, पण मुलांसाठी नाही! जपानी विज्ञानकथांचे 'अँथॉलॉजी' चित्रपट म्हणजे नेमकं काय?

नागपूर : ओटीटीवर एखाद्या चित्रपटाखाली 'अ‍ॅनिमेशन' असा शब्द दिसला की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. फोन लहान मुलाच्या हातात जातो आणि मोठी माणसं जेवायला बसतात. जपानमध्ये गेल्या चाळीसेक वर्षांत असे काही चित्रपट तयार झाले, ज्यांच्या बाबतीत हा व्यवहार दोन्ही बाजूंनी तोट्याचा ठरतो. मुलं जे पाहू नये ते पाहतात, आणि ज्यांच्यासाठी ते बनवलं ती मोठी माणसं वरणभात कालवत राहतात.

सदरच्या रेसिडेन्सी रोडवर संध्याकाळी चक्कर मारली, तर कॅफेत बसलेल्या पोरांच्या टी-शर्टवर, बॅगेवर, मोबाईलच्या कव्हरवर जपानी पात्रं दिसतातच. 'डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' १२ सप्टेंबर २०२५ रोजी भारतातल्या चित्रपटगृहांत जपानीसह इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला तेव्हा 'हे एवढं कोण बघतं?' हा प्रश्न बऱ्याच पालकांना पडला होता. पण ती झाली लांबलचक मालिकांची दुनिया. तिच्या शेजारीच एक लहानसं, शांत आणि जास्त गंभीर दालन आहे. एका चित्रपटात तीन, चार किंवा नऊ वेगवेगळ्या विज्ञानकथा, प्रत्येकीचा दिग्दर्शक वेगळा, चित्रशैली वेगळी. यालाच अँथॉलॉजी म्हणतात.

दिवाळी अंकासारखा चित्रपट?

मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. दिवाळी अंकात एका मुखपृष्ठाखाली दहा लेखकांच्या कथा असतात. एखादी आवडते, एखादी अर्धवट सोडून पुढचं पान उलटलं जातं. हे चित्रपट तसेच. हिंदीत 'बॉम्बे टॉकीज' (२०१३), मराठीत 'बायोस्कोप' (२०१५) हे याच घाटाचे प्रयोग होते.

विज्ञानकथेला तर हा घाट विशेष मानवतो. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावानं पाठवली आणि ती पहिली आली, हा किस्सा अनेकांना ठाऊक आहे. मराठी विज्ञानकथा वाढली ती बहुतांशी कथेच्या रूपात, कादंबऱ्या त्या मानानं कमी. कारण सरळ आहे. विज्ञानकथेचा जीव एका 'असं झालं तर?' मध्ये असतो. तो प्रश्न वीस मिनिटांत विचारून संपवता आला तर तो टोचतो. तीन तास ताणला तर त्यात प्रेमगीत घालावं लागतं.

याची सुरुवात कुठून झाली?

ऐंशीच्या दशकात जपानमध्ये पैसा खेळत होता आणि घरोघरी व्हिडिओ कॅसेट प्लेअर आले होते. १९८३ मध्ये 'डॅलॉस' नावाची मालिका टीव्हीवर किंवा थिएटरात न दाखवता थेट कॅसेटवर विकली गेली. थेट कॅसेट म्हणजे टीव्ही वाहिनीची वेळ नको, जाहिरातदाराची मर्जी नको, आणि मुलं बघतील म्हणून कात्रीही नको. प्रौढांसाठी विचित्र, धाडसी आणि कधी कधी निव्वळ हौशी कामं करायला चित्रकारांना रान मोकळं मिळालं.

१९८७ हे वर्ष या प्रकारासाठी महत्त्वाचं. त्या वर्षी दोन संग्रह आले. 'रोबोट कार्निव्हल'मध्ये यंत्रमानव या एकाच विषयावर नऊ तुकडे होते आणि त्यातले बरेचसे जवळपास संवादाशिवायचे. दुसरा संग्रह 'मेइक्यू मोनोगातारी', जो जगभर 'निओ टोकियो' या नावानं ओळखला जातो. ताकू मायुमुरा या लेखकाच्या कथांवर बेतलेले तीन लघुपट, एकूण लांबी तासाभरापेक्षाही कमी.

यातला तिसरा लघुपट इंजिनीअरिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्यानं बघावाच. नाव 'बांधकाम थांबवण्याचा आदेश' अशा अर्थाचं. दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो. दक्षिण अमेरिकेतल्या एका काल्पनिक देशात जपानी कंपनीचं प्रचंड बांधकाम सुरू आहे. देशात सत्ता बदलते, करार रद्द होतो, म्हणून कंपनी एका साध्या कर्मचाऱ्याला काम थांबवायला जंगलात पाठवते. साईटवर एकही माणूस नाही, सगळे रोबोट. आणि मुकादम रोबोट अत्यंत नम्रपणे सांगतो की काम वेळापत्रकानुसार पूर्ण होईल. रोबोट मोडून पडताहेत, दलदल सगळं गिळतेय, तरी अहवालात प्रगती उत्तम.

सदरमधल्या माणसाला हे फार परकं वाटायला नको. उड्डाणपुलाचे खांब उभे राहताना या भागानं वर्षानुवर्षं धूळ खाल्ली आहे. शेजारी गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असा चार थरांचा डोलारा उभा आहे. अभियांत्रिकी म्हणून तो थक्क करणारा आहे, यात वाद नाही. ओतोमोचा लघुपट तेवढ्यावर न थांबता पुढचा प्रश्न विचारतो. यंत्रणेला 'कर' एवढंच शिकवलं आणि 'थांब' शिकवायचं राहून गेलं, तर? १९८७ मध्ये ही गंमत होती. आज स्वतः निर्णय घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चर्चेत हाच प्रश्न रोज येतो.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये ओतोमोचा 'अकिरा' आला आणि जपानी अ‍ॅनिमेशनकडे बघण्याची पाश्चात्त्य जगाची नजर बदलली. 'अकिरा'बद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे मुद्दा आहे त्यानंतरच्या चित्रपटाचा.

'मेमरीज'मध्ये असं काय आहे?

डिसेंबर १९९५ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेला 'मेमरीज' हा या संपूर्ण प्रकारातला सर्वांत भक्कम संग्रह म्हणावा लागेल. तिन्ही कथांमागे ओतोमो आहे, पण दिग्दर्शक तीन. एकूण वेळ दोन तासांच्या आत.

पहिली कथा 'मॅग्नेटिक रोझ'. साल २०९२. अंतराळातला भंगार गोळा करणारं एक जहाज आहे आणि त्यावरची माणसं आपल्या कबाडीवाल्यांसारखीच. दमलेली, हिशेबी, घरी परतायची वाट बघणारी. त्यांना एक मदतीचा संकेत मिळतो. शोध घेत जातात तर एका विस्कटलेल्या अवकाशस्थानकाच्या आत झुंबरं, गालिचे असलेला आलिशान महाल. एके काळच्या प्रसिद्ध ऑपेरा गायिकेचा. पुढे काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही, फक्त इतकं की तो महाल आत आलेल्या माणसाच्या आठवणी वापरायला शिकतो.

दिग्दर्शन कोजी मोरिमोतो यांचं आणि पटकथा सातोशी कोन यांची. हेच कोन पुढे 'परफेक्ट ब्लू' (१९९७) आणि 'पॅप्रिका' (२००६) करून जगप्रसिद्ध झाले आणि २०१० मध्ये अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. खरं काय आणि भास काय यांची सीमा पुसण्याचा त्यांचा हातखंडा इथेच दिसतो. संगीत योको कान्नो यांचं. त्यात पुचिनीच्या 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेरातले सूर येतात. परदेशी नवऱ्याची वाट बघत झुरणाऱ्या जपानी बाईची कथा एका इटालियन संगीतकारानं लिहिली, आणि नव्वद वर्षांनी जपानी कलाकारांनी ते सूर अंतराळात नेऊन एका न संपणाऱ्या प्रतीक्षेला जोडले. हा भाग बघताना कूलर बंद करा किंवा चांगला हेडफोन लावा. अर्धी भीती आवाजात आहे.

दुसरी कथा 'स्टिंक बॉम्ब', म्हणजे शुद्ध तारांबळ. प्रयोगशाळेतला एक बिचारा कर्मचारी सर्दीनं बेजार आहे. साहेबांच्या खोलीत सर्दीवरची नवी गोळी आहे असं कळतं म्हणून तो एक गोळी गिळतो. चुकीची. मग त्याच्या अंगातून असा काही वास सुटतो की आसपासचे सगळे पटापट कोसळतात आणि त्याला एकट्यालाच काही कळत नाही. वरिष्ठांनी कागदपत्रं घेऊन टोकियोला ये असं सांगितलेलं असतं, म्हणून हा प्रामाणिक माणूस निघतो. रणगाडे आले, क्षेपणास्त्रं आली, हा निघालेलाच. थंडीत अवेळी फुलं उमलतात तो भाग फार देखणा आहे. जपानमध्ये त्याच वर्षी, मार्च १९९५ मध्ये, टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन या विषारी वायूचा हल्ला झाला होता. वर्षअखेरीस थिएटरात हसताना तिथल्या प्रेक्षकाच्या मनात ते नसेल, हे अशक्य. ही तिन्हींतली सगळ्यांत हलकी कथा, आणि थोडी लांबलेलीही.

तोफांचं शहर आणि विदर्भाचा आरसा

तिसरी कथा 'कॅनन फॉडर' वीस-बावीस मिनिटांची आहे. ती दिग्दर्शित केली खुद्द ओतोमोनं, आणि विदर्भातल्या वाचकानं एकच काही बघायचं ठरवलं तर हीच निवडावी.

एक शहर आहे. प्रत्येक घराच्या छपरावर तोफ, चौकात तोफ, आणि शहराच्या मधोमध डोंगराएवढी तोफ. एका मुलाचा एक दिवस आपण बघतो. सकाळी उठून तो भिंतीवरच्या तोफ-अधिकाऱ्याच्या चित्राला सलाम करतो. शाळेत जातो, तिथे त्रिकोणमिती शिकवतात ती गोळा किती कोनात सुटेल हे काढण्यासाठी. वडील सतरा क्रमांकाच्या तोफेवर गोळा भरणारे कामगार, आई गोळ्यांच्या कारखान्यात. दिवसभराची सगळी धावपळ, घाम, आरडाओरडा कशासाठी, तर एक गोळा सोडण्यासाठी. तो कुठे पडला ते बातम्या सांगतात. शत्रू एकदाही दिसत नाही. रात्री झोपताना मुलगा वडिलांना विचारतो की आपण लढतोय तरी कुणाशी? मोठा झालास की कळेल, असं वडील सांगतात.

चित्रपटात रक्ताचा थेंब नाही. तरी तो मुलांसाठी नाही, कारण त्यातली भीती समजायला आधी नोकरी करावी लागते.

हे नागपुरात बसून बघताना अंगावर वेगळं येतं. वाडीजवळची अंबाझरी आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर, भद्रावतीची निर्माणी, पुलगावचं दारूगोळा भांडार. विदर्भातल्या हजारो घरांची चूल या कामावर पेटली आहे. तोफगोळ्यांची कवचं अंबाझरीला बनतात, स्फोटकं जवाहरनगरला, गोळे भरण्याचं काम भद्रावतीला. शिफ्टचा भोंगा, वसाहतीतली शाळा, आयुध निर्माणीत लागलेल्या मुलाला आलेली स्थळं, हे सगळं इथल्या माणसाला पाठ आहे. आणि धोकाही. पुलगावला ३१ मे २०१६ च्या रात्री लागलेली आग आणि जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ रोजी झालेला स्फोट, दोन्हींत माणसं गेली.

ओतोमोचा लघुपट या कामगारांची थट्टा करत नाही, हे महत्त्वाचं. भारताला सीमा आहेत आणि शत्रू काल्पनिक नाही, हा युक्तिवादही कुणी करील आणि तो खोटा नाही. चित्रपटाचा रोख दुसरीकडे आहे. त्यातल्या मुलाला वडिलांसारखा गोळा भरणारा व्हायचं नाही, त्याला तोफेची कळ दाबणारा रुबाबदार साहेब व्हायचं आहे. ज्याच्या खांद्यावर सगळं ओझं, त्याला घरातसुद्धा मान नाही. हा तपशील बघून वसाहतीत वाढलेले किती जण क्षणभर गप्प होतील, हे त्यांनाच माहीत.

तांत्रिक बाजूही चक्रावणारी आहे. संपूर्ण लघुपट एकाच अखंड शॉटसारखा दिसतो, कॅमेरा कुठेही तुटत नाही. प्रत्यक्ष चित्रीकरणात कॅमेरा खांद्यावर घेऊन चालता येतं. हातानं काढलेल्या चित्रात मात्र कॅमेरा हलला की मागची भिंत, जिना, आकाश सगळं नव्यानं काढावं लागतं. हिशेब करून बघा. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. काटकसर म्हणून एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. वीस मिनिटांना १४ हजार ४००, तेही एकच पात्र हलतंय असं धरून. इथे तर अख्खं शहर हलतं. लांबलचक पार्श्वभूमी रंगवून त्यांचे सांधे जोडायला त्या काळातल्या संगणकाची मदत घेतली गेली. रील्ससाठी 'वन टेक' व्हिडिओ करणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

'मॅट्रिक्स'पासून मुंबईपर्यंत

'मेमरीज'मधली पहिली आणि तिसरी कथा ज्या 'स्टुडिओ फोर डिग्री सेल्सियस'मध्ये घडली, त्याचं नाव उगाच नाही. पाण्याची घनता चार अंशाला सर्वाधिक असते. कामही तितकंच घट्ट हवं, अशी त्यामागची कल्पना. (अकरावीच्या भौतिकशास्त्राचा इतका सुरेख उपयोग क्वचितच कुणी केला असेल.) २००७ चा 'जीनियस पार्टी' हा संग्रहही याच स्टुडिओचा.

२००३ मध्ये हॉलिवूडनं हा घाट उचलला. 'द मॅट्रिक्स'च्या विश्वातल्या नऊ लघुकथांचा 'द अ‍ॅनिमॅट्रिक्स' आला आणि त्यातल्या बहुतेक जपानी दिग्दर्शकांनी केल्या. माहिरो माएदा यांचा दोन भागांतला 'द सेकंड रेनेसान्स' यंत्रं आणि माणसांचं युद्ध मुळात का पेटलं ते सांगतो. स्वतःच्या बचावासाठी मालकाला मारणारा एक घरगडी रोबोट, त्याच्यावरचा खटला आणि मग उसळलेली हिंसा. यातली काही दृश्यं मोठ्यांनाही पचायला जड आहेत. 'कार्टून आहे' म्हणून हा भाग मुलासमोर लागला तर रात्री कोण कुणाला झोपवणार, हा प्रश्नच आहे.

याच वाटेनं २०२१ मध्ये 'स्टार वॉर्स : व्हिजन्स' आलं. पहिल्या संचात सात जपानी स्टुडिओंचे नऊ लघुपट होते. ४ मे २०२३ रोजी आलेल्या दुसऱ्या संचात जगभरातले स्टुडिओ होते आणि त्यात एक आपल्याकडचा, मुंबईचा 'एटीएट पिक्चर्स'. ईशान शुक्ला दिग्दर्शित 'द बँडिट्स ऑफ गोलक'मध्ये रेल्वेनं पळणारे भाऊ-बहीण आहेत आणि अंतराळातला चक्क एक ढाबा आहे. जपाननं रुजवलेल्या या घाटात महाराष्ट्रात बसलेल्या मंडळींनी काम केलं, ही बातमी मराठी माध्यमांत जितकी गाजायला हवी होती तितकी गाजली नाही.

मग 'कार्टून म्हणजे पोरांचं' हे आलं कुठून?

१९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा 'जंगल बुक' आठवतो? चड्डी पहन के फूल खिलवणारा तो मोगली मूळचा जपानी मालिकेतला होता, हे तेव्हा फारसं कुणाला माहीत नव्हतं. नंतर 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन'नं दोन पिढ्यांची दुपार व्यापली. म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन आपल्या घरात आलं तेच मुलांच्या दारातून. २००४ मध्ये 'अ‍ॅनिमॅक्स' वाहिनीनं मोठ्यांचं दार ठोठावून पाहिलं, पण ते पुरतं उघडलं नाही.

हा समज किती पक्का होता याचं आणखी एक उदाहरण. युगो साको या जपानी दिग्दर्शकाला रामायणावर अ‍ॅनिमेशनपट करायचा होता, तेव्हा ऐंशीच्या दशकात भारतातून आक्षेप घेतले गेले. रामकथा कार्टूनमध्ये कशी दाखवणार, हा त्यातला एक सूर. अखेर राम मोहन या ज्येष्ठ भारतीय अ‍ॅनिमेटरसह तो चित्रपट पूर्ण झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतभरातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हा तीच मंडळी नातवंडांना घेऊन गेली असतील.

पालकांनी काय बघावं?

शैलीचं नाव नव्हे, वयाचं चिन्ह. चित्रपटगृहांसाठी २०२४ च्या नव्या नियमांनुसार 'यूए' प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झाले आहेत. ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून साधारण अशीच विभागणी आहे, वर प्रौढांसाठी 'ए'. हे चिन्ह पडद्याच्या कोपऱ्यात काही सेकंदच दिसतं. प्रोफाईलला पिन लावण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती दोन मिनिटांत होते. टेलिग्रामवरून उतरवलेल्या फाईलला असलं काहीच चिन्ह नसतं, आणि ते बेकायदा आहे ते वेगळंच.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंग हळूहळू येतं, मराठीचं नाव नसतं. 'मेमरीज'सारखा चित्रपट बघायचा तर इंग्रजी सबटायटल्सवर भागवावं लागतं, आणि ज्या आजोबांनी नारळीकरांच्या कथा वाचल्या, ज्यांना 'मॅग्नेटिक रोझ' सर्वांत जास्त भिडेल, तेच बाहेर राहतात. मराठीत विज्ञानकथांचा साठा आहे, मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमेशनचे कुशल हात आहेत. या दोन्हींची गाठ घालणारा निर्माता अजून पुढे आलेला नाही.

तोवर नवख्यांनी सुरुवात 'कॅनन फॉडर'पासून करावी, त्याला संवाद फार लागत नाहीत. भाषेचा फारसा त्रास नको असेल तर 'रोबोट कार्निव्हल'. 'मॅग्नेटिक रोझ' शक्यतो टीव्हीला जोडून, दिवे मालवून. आणि 'द सेकंड रेनेसान्स' मुलं झोपल्यावरच.